पोचपावतीची कार्डं

“एवढी रिकामी खोकी कशाला जपून ठेवलीत, काकू?” मी विचारलं.

पिंपळशेंडे काकूंच्या स्वयंपाकघरातला माळा खोक्यांनी गच्च भरला होता. टीव्हीचं, फ्रीजचं, मिक्सरचं, अगदी इस्त्रीचंसुद्धा. प्रत्येकाला सुतळी बांधलेली आणि आतला थर्माकोल जागच्या जागी.

“लागतात ना बाई,” काकू म्हणाल्या.

“कधी?”

“लागतात कधी तरी.” आणि चहात साखर किती घालू, असं विचारून त्यांनी विषयच बदलला.

मी जन्माची भोचक आहे, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्याच्या घरी गेले की डब्याच्या झाकणाकडे माझा हात आपोआप जातो. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं तेही त्यापायीच. कशात काय आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्या दिवशी मी उगाच चौकशा करत नव्हते. काकूंच्या शेजारचं क्वार्टर मला मिळणार होतं आणि ते घ्यायचं की नाही, हे संध्याकाळी पाचच्या आत सांगायचं होतं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. मी चोवीस वर्षांची होते आणि माझ्या पर्समध्ये दोन पत्रं होती. एक या सिमेंट कारखान्याचं, राजुऱ्याच्याही पलीकडे, आवळगुडा नावाच्या गावातलं. प्रयोगशाळेत केमिस्टची जागा, सहा महिन्यांनी कायम, आणि राहायला क्वार्टर फुकट. दुसरं पत्र पुण्याचं. एका खाजगी लॅबमध्ये अकरा महिन्यांचं कंत्राट, पुढचं पुढे बघू. पगार पुण्याचा हजाराने जास्त, आणि तिथे चौकशी केली तर एका खोलीचं भाडं बाराशे. म्हणजे पुण्यात राहायचे दोनशे रुपये मीच पदरचे घालायचे, वर पुढच्या वर्षी नोकरी असेलच असा भरवसा नाही. आता यात विचार करण्यासारखं काय आहे? मलाही काही वाटलं नव्हतं. अकोल्याहून निघतानाच मी होकाराचं पत्र लिहून आणलं होतं, फक्त सही बाकी होती.

सोबत बाबा होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. बाबा, म्हणजे श्रीधरराव गावंडे, पोस्टमास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. चौतीस वर्षं टपाल हाताळून त्यांचा माणसांच्या शब्दावर विश्वास कमी आणि टपालाच्या शिक्क्यावर जास्त झाला होता. कुणी म्हणालं, मी परवाच पत्र टाकलं, की ते आधी पाकीट उलटं करून पाहायचे.

चहा घेऊन आम्ही शेजारचं क्वार्टर पुन्हा एकदा पाहिलं. दोन खोल्या, मागे कपडे धुवायला दगड, पुढे चार कुंड्या मावतील एवढा ओटा. मी नळ सोडून ओंजळभर पाणी प्याले. चुनखडीचं जड पाणी होतं, पण धार अशी की बादली बघता बघता भरावी. अकोल्यात आम्ही दिवसाआड पाणी भरणारी माणसं. मी मनातल्या मनात खाट कुठे आणि पुस्तकांची मांडणी कुठे, ते ठरवूनसुद्धा टाकलं. खरं सांगते, त्या घरावर माझा जीव जडला.

“कसं आहे, बाबा?”

“घर चांगलं आहे,” ते भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकत म्हणाले. “दिगंबरचंही चांगलंच होतं.”

दिगंबरकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. कापड गिरणीत होते आणि गिरणीच्याच चाळीत राहायचे. गिरणी बंद पडली त्या महिन्यातच चाळ रिकामी करायची नोटीस आली. काका, काकू आणि तीन मुलं आमच्या दोन खोल्यांत सव्वा वर्ष राहिली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. काकांच्या बाबतीत तर फिरायला घरही उरलं नव्हतं.

“नोकरी गेली तर माणसाची एक गोष्ट जावी, हेमे,” बाबा म्हणाले. “क्वार्टरवाल्याचं छप्परही त्याच सहीनं जाते. म्हणून एवढंच पाहायचं, हा कारखाना टिकणारा आहे का.”

“चिमणीतून धूर निघतोय की चांगला.”

“गिरणीच्याही निघत होता.”

मी हसले. ते हसले नाहीत.

नव्या गावात लोक आधी देवळात जातात, बाबा पोस्टात जायचे. आवळगुड्याचं पोस्ट कॉलनीच्या फाटकाबाहेरच होतं, एका खोलीचं. आत उईके नावाचे तरुण पोस्टमास्तर घामाघूम होऊन पाकिटांच्या ढिगात बसले होते. बाबांनी ओळख सांगताच ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. एका खात्यातल्या माणसांना एकमेकांजवळ तक्रार करायला दोन मिनिटं लागत नाहीत.

“काम फार दिसते,” बाबा म्हणाले.

“काय सांगू साहेब, या महिन्यात जीव नकोसा केला लोकांनी. जो तो येते अन् रजिस्टर्ड म्हणते. पोचपावतीची कार्डं सरली जी. मले महिन्याला पंचवीस पुरतात. यंदा दोनशे मागवली, तीही सरली. आज सकाळी आणखी मागणी पाठवली.”

पोचपावतीचं कार्ड म्हणजे रजिस्टर्ड पत्राला जोडतात ते. पत्र ज्याच्या हाती पडतं तो त्या कार्डावर सही करतो, आणि ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत येतं.

“दोनशे?” बाबांनी विचारलं.

“दोनशे जी. सगळी कॉलनीतली.”

बाबांनी एक पोस्टकार्ड विकत घेतलं, ते न लिहिताच खिशात घातलं आणि उईकेंना नमस्कार करून बाहेर आले. समोर कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक होता. तिथे बसल्यावर ते म्हणाले, “सही करू नको.”

“काय?”

“बस इथं. मला सांग, माणूस पोचपावती कधी लावते? लग्नपत्रिकेला लावते का? बहिणीच्या पत्राला लावते का?”

“नाही.”

“पत्र पोचलं नाही तर आपलं नुकसान होईल, अशी धास्ती असते तेव्हा लावते. अर्जाला लावते. या कारखान्यात माणसं किती? प्रयोगशाळेतले देवतळे साहेब काय म्हणाले सकाळी?”

“चारशे.”

“चारशे माणसं आणि एका महिन्यात दोनशे अर्ज. दोघांमागे एक धर. आणि त्या बाईच्या माळ्यावर काय होतं?”

खोकी. फ्रीजचं खोकं, सुतळी बांधून तयार.

“बाहेरच्याला कळायच्या आधी आतल्याला कळते, हेमे. दिगंबरच्या गिरणीत कारकुनांनी चार महिने आधी अर्ज टाकले होते. मीच घेतले होते ते माझ्या खिडकीवर. तेव्हा मला अर्थ लागला नाही. लागला असता तर दिगंबरला वेळेत सांगितलं असतं.”

हे त्यांनी मला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं.

“मग उईकेंनाच विचारू ना,” मी उठलेच. “कुठे पाठवतात ही पत्रं, पत्ते तर त्यांनी पाहिलेच असतील.”

बाबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. “पोस्टमास्तरला लोकांच्या टपालाबद्दल विचारू नये. त्यानं सांगितलं तर तो त्या खुर्चीला लायक नाही. आणि मी विचारलं तर मी चौतीस वर्षं लायक नव्हतो.”

“मग काकूंना विचारते.”

“तिच्या नवऱ्याची नोकरी आहे इथं. खरं बोलली तर तिला भोवेल, म्हणून खोटं बोलेल बिचारी. कशाला एखाद्याला खोटं बोलायला लावते?”

आणि मी, डब्यांची झाकणं उघडून पाहणारी मी, त्या दिवशी तो एक प्रश्न विचारला नाही. का नाही विचारला, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. बाबांचा धाक नव्हता मला. पण त्यांचा तो तर्क इतका सुरेख होता की मी त्याच्या प्रेमातच पडले. कुठल्या तरी सरलेल्या कार्डांवरून एका माणसाने अख्ख्या कारखान्याची नाडी ओळखावी. प्रयोगशाळेत मला तीन नमुने तपासल्याशिवाय आकडा लिहू द्यायचे नाहीत, आणि इथे मी शितावरून भाताची परीक्षा केली, तेही शीत तोंडात न घालता.

पाचला दहा कमी असताना मी मुख्य केमिस्ट देवतळे साहेबांच्या टेबलासमोर उभी होते.

“क्वार्टर आवडलं नाही का?” त्यांनी विचारलं.

“फार आवडलं, सर.”

“मग? पुण्याच्या त्या अकरा महिन्यांच्या नोकरीसाठी हे सोडताय? तिथे भाड्यात पगार जाईल तुमचा. नीट विचार केलात ना?”

“हो, सर.”

ते भले गृहस्थ होते. काही क्षण त्यांनी वाट पाहिली, मी कारण सांगेन म्हणून. मला वाटलं, यांना तर सगळं ठाऊक असणार आणि तरी हे मला इथे ओढताहेत. त्या भल्या माणसाचा मला चक्क राग आला. मी होकाराचं पत्र पर्समध्येच चार तुकडे करून ठेवलं आणि बाहेर पडले.

पुण्याला गेले. सदाशिव पेठेत लिमये आजींकडे एक खोली मिळाली. आजी प्रेमळ होत्या, पण अकरा महिन्यांनी त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं आणि खोली रिकामी करावी लागली. मग पर्वतीला, मग धनकवडीला. कुठे भाडं वाढलं, कुठे मालकाला एकटी बाई नको झाली, कुठे घरच विकलं गेलं. लॅबचं कंत्राट अकरा महिन्यांचं, खोलीचा करार अकरा महिन्यांचा, माझं वर्षच अकरा महिन्यांचं झालं होतं. दर वेळी पंख्याचं खोकं, गॅसच्या शेगडीचं खोकं मी जपून ठेवायची. लग्नाचा विषय एक-दोनदा निघाला आणि मागे पडला.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. ते अकोल्यात एकटे, बसचा प्रवास त्यांना सोसायचा नाही, म्हणून मीच सुट्टीत जायची. त्यांच्या लेखी मी लिमये आजींकडेच राहत होते. पोस्टमन आजींकडे फार उशिरा येतो म्हणून लॅबच्या पत्त्यावर लिहा, असं मी सांगून ठेवलं होतं. आठवड्याला बूथवरून फोन करायची, पुढे मोबाइल आला. पण बाबांचा एक हट्ट होता, महिन्याला एक पत्र टाकायचंच.

“अहो, कालच तर बोललो फोनवर,” मी म्हणायची.

“फोन कर, पण पत्र टाक,” ते म्हणायचे. “दोन ओळी लिही, पण टाक.”

खात्याचा अभिमान, मला वाटायचं. मीही आंतरदेशीय पत्रावर दोन ओळी खरडून जवळच्या पोस्टाच्या पेटीत टाकायची. तब्येत चांगली आहे, काम आवडतंय, आजी बऱ्या आहेत, सगळं छान.

दहा वर्षांनी लॅबने मला कायम केलं. आणखी दोन वर्षांनी, दोन हजार सहा साली, धायरीत एका इमारतीत मी छोटासा फ्लॅट घेतला, कर्ज काढून. बांधकाम चालू होतं. एका रविवारी मी बघायला गेले तर जिन्याखाली सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. मी आपली सवयीने वाकून गोणीवरची बारीक अक्षरं वाचू लागले. गोणीवर कारखान्याचं गाव छापलेलं असतं आणि कोणत्या आठवड्यात माल भरला तेही. गाव होतं आवळगुडा. आठवडा तीनच आठवड्यांपूर्वीचा.

बंद पडायला निघालेला कारखाना बारा वर्षांनी माझ्याच घराच्या भिंती भरत होता.

पुढच्या शनिवारी सकाळी मी अकोल्याला पोचले. बाबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “आवळगुड्याचा कारखाना चालू आहे, बाबा. जोरात चालू आहे.”

त्यांनी पेपरची घडी केली. हळूहळू केली, कडेला कड लावून.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“तू गेलीस त्याच दिवाळीपासून. उईकेचं शुभेच्छापत्र आलं होतं. चंद्रपूरला गृहनिर्माण सोसायटीचे प्लॉट निघाले होते. अर्ज रजिस्टर्ड टपालानंच घेणार, अशी अट होती. सगळ्या कॉलनीनं टाकले. उईकेनंही टाकला, त्याचा नंबर लागला, त्या आनंदात त्यानं कळवलं.”

“प्लॉट?”

“क्वार्टरमधला माणूस रिटायर झाला की तीन महिन्यांत बाहेर. जन्मभर भाडं दिलं नाही, पण घरही झालं नाही. म्हणून प्लॉटसाठी धडपड. कारखाना बुडणार म्हणून नव्हती. आपण रिटायर होईपर्यंत तो चालणार, याची खात्री होती म्हणून होती.”

खोकीसुद्धा त्यासाठीच. कधी तरी लागतात, काकू म्हणाल्या होत्या. कधी तरी म्हणजे वीस वर्षांनी, आपल्या स्वतःच्या घरी जाताना.

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही.”

“नाही.”

“मी परत अर्ज केला असता.”

“दोन वर्षांनी जागा निघाली होती. उईकेनं जाहिरात कापून पाठवली होती.”

मला राग आला. एवढा राग मला बाबांचा त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. “का नाही सांगितलंत? मी तिथे काय हाल काढले, तुम्हाला कल्पना तरी आहे का?”

“आठ,” बाबा म्हणाले.

“काय आठ?”

“आठ खोल्या. सदाशिव पेठ अकरा महिने. मग पर्वती. मग धनकवडी, तिथं सात महिनेच होतीस. बिबवेवाडी, येरवडा, परत पर्वती, हडपसर, आणि आता वडगाव.”

मी ओट्यावर बसले.

ते आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. माझी पत्रं होती, वर्षवार गठ्ठे बांधलेली. प्रत्येक पत्रावर पोस्टाचा शिक्का आणि त्याखाली बाबांनी पेन्सिलीने लिहिलेलं पोस्टाचं नाव, कारण शिक्के पुसट असतात. मी एक गठ्ठा सोडला. वरची दोन-चार पत्रं कडेने नीट कापलेली होती. बाकीची बंद होती. आंतरदेशीय पत्राच्या तिन्ही कडा मी जशा चिकटवल्या होत्या तशाच.

“ही तुम्ही वाचलीच नाहीत?”

“सुरुवातीची वाचली. आत सगळं छान आणि शिक्का दर वेळी वेगळा. मग वाचवेना. फोडलं की तुझं खोटं वाचावं लागायचं, आणि ते खोटं तू माझ्यापायी बोलत होतीस. शिक्का पाहायचो. या महिन्यात हलली नाही एवढं कळलं की पेटीत ठेवायचो.”

“मग सांगायचं ना, बाबा.”

“भ्यालो,” ते म्हणाले. “दिगंबरच्या वेळी कळायला हवं होतं ते कळलं नाही. तुझ्या वेळी नसलेलं कळलं. दोन्ही वेळी टपाल माझ्यासमोरच होतं. हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगू?”

ते रडत नव्हते. त्यांनी पेपर पुन्हा उलगडून तोंडासमोर धरला. माझा राग त्या पेपरच्या आवाजात कुठे गेला, कळलं नाही. मी आत गेले, चहा ठेवला. दोन कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते पेटीचं झाकण लावत होते.

“नव्या घराजवळ पोस्ट कोणतं?” त्यांनी विचारलं.

“धायरी.”

“पेटी आहे?”

“आहे. किराणा दुकानाशेजारी.”

“बरं,” ते म्हणाले आणि चहा प्यायले.

दोन महिन्यांनी मी घरात राहायला गेले. पंख्याचं खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्याच आठवड्यात बाबांना पत्र लिहिलं, आणि पहिल्यांदाच ते पानभर झालं. पाणी दिवसाआड येतं. वरच्या मजल्यावरचे लोक पहाटेच मिक्सर लावतात. हप्ता जड जातो, या महिन्यात दूधवाल्याला थांब म्हणावं लागलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी बोटाने ठोकून पाहिलं, पक्की आहे. तुमचा राग आला होता, आता नाही. पत्राच्या तिन्ही कडा चिकटवल्या आणि दुकानाशेजारच्या पेटीत टाकलं.

आठवड्याने उत्तर आलं. साधं पोस्टकार्ड, बाबांच्या किरट्या अक्षरात.

“चि. हेमास, अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. शिक्का पाहिला. या वेळी आतलंही वाचलं.”